एक किलो नऊशे

माझ्या मुलीच्या जन्माची बातमी मला आधी आकड्यात कळली आणि ती मुलगी आहे हे मागाहून समजले. १९९४ च्या फेब्रुवारीतली पहाट होती. पुण्यातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात सिस्टरने बाळ काट्याच्या तबकात ठेवले, काटा थरथरून स्थिर होईपर्यंत वाट पाहिली आणि दाराबाहेर कोणी नोंदवही घेऊन उभे असावे अशा खणखणीत आवाजात सांगितले, ‘‘एक नऊशे.’’ बँकेत दिवसभर आकडे जुळवणाऱ्या मला तो आकडा कमी की जास्त हेही त्या क्षणी उमगले नाही. ते उमगले तिच्या पुढच्या वाक्यावरून. टाके घालणे चालू असताना ती माझ्या उशाशी आली आणि म्हणाली, ‘‘नऊ महिने काही खाल्लं नाही का हो?’’

पुढची कित्येक वर्षे मी या प्रश्नाचे उत्तर मनातल्या मनात देत राहिले. दरवेळी उत्तर वेगळे असे आणि दरवेळी त्यात आरोपी मीच असे.

अडीच किलोच्या आत जन्मलेले बाळ कमी वजनाचे, अशी सरळ व्याख्या आहे. पण त्या व्याख्येत दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेली बाळे एकत्र बसतात. काही सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधीच येतात आणि म्हणून लहान असतात. काही दिवस भरल्यावर येतात आणि तरीही लहान असतात. माझी मुलगी दुसऱ्या वाटेने आली. तिचे दिवस भरले होते, फुफ्फुसे तयार होती, रडणे जोरदार होते. फक्त आत असताना तिला जे मिळायला हवे होते ते पुरेसे मिळाले नव्हते. अशा बाळाच्या अंगावर चरबीचा थर पातळ आणि यकृतात साठवलेली साखर थोडी असते, त्यामुळे जन्मल्यावर ते लवकर गार पडते आणि गार पडले की आहे तेवढी साखरही जाळून बसते. म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवले. पाच दिवस.

त्या पाच दिवसांतले मला सर्वांत लख्ख आठवते ते दूध पाजणे. अंगावर घेतले की ती दोन घोट ओढी आणि दमून झोपी जाई. तिसऱ्या दिवशी माझ्या आईने घरून चांदीचे बोंडले आणले, ते उकळत्या पाण्यातून काढले, वाटीत पिळून घेतलेले माझे दूध त्यात ओतले आणि बोंडल्याची चोच तिच्या गालाच्या आतल्या बाजूला अलगद टेकवली. एक थेंब, मग थांबायचे. घोट गिळला की कानशिलाजवळची निळी शीर हलताना दिसे. ती हलली की पुढचा थेंब. झोप लागली तर तळपायाला नखाने टिचकी मारायची. त्या टिचकीचा आवाज होत नसे, पण मला तो दरवेळी ऐकू येई. दोन चमचे दूध पोटात जायला पाऊण तास लागे, आणि तेवढ्यात पुढच्या पाजण्याची वेळ होत आलेली असे. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली, पण त्या खोलीत तिच्याइतका धीर मी कोणात पाहिला नाही.

भेटायला येणारी प्रत्येक बाई पाळण्यात डोकावून झाल्यावर माझ्याकडे वळे. कोणी विचारी, डोहाळे फार कडक होते का. कोणी, नोकरी शेवटपर्यंत चालू ठेवलीस का. कोणी काहीच न विचारता डिंकाच्या लाडवांचा डबा अशा रीतीने पुढे करी की त्या डब्यानेच प्रश्न विचारला असे वाटावे. मी खाल्ले होते का? खाल्ले होते, पण घरातल्या सगळ्यांची पाने उठल्यावर, म्हणजे उरले असेल ते. दिवस राहिले तेव्हा माझी उंची पाच फूट आणि वजन एक्केचाळीस किलो होते. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन साडेआठ भरले, गरोदरपणी ते अकराच्या वर असायला हवे. पीएमटीच्या बसमध्ये दांड्याला लटकून जाणे-येणे आठवा महिना संपेपर्यंत चालू होते. लोहाच्या गोळ्यांनी मळमळे म्हणून मी त्या एकाआड एक घेत असे आणि डॉक्टरांना रोज घेते असे सांगत असे.

सासूबाई सांगत, ‘‘फार खात जाऊ नकोस गं, मूल मोठं झालं की अडतं.’’ मी बरीच वर्षे हे वाक्य अडाणीपणाचा नमुना म्हणून लोकांना ऐकवले. आता तसे म्हणवत नाही. ज्या पिढीने सिझेरियनची सोय नसलेल्या गावांत, वाढीच्या वयात पोटभर न मिळाल्याने अरुंद राहिलेल्या कटीच्या मुलींना तीन-तीन दिवस अडलेले पाहिले होते, तिने लहान बाळ आणि जिवंत आई यांची निवड केली होती. तो हिशेब क्रूर असला तरी त्या बायकांच्या अनुभवाशी जुळणारा होता. चूक एवढीच झाली की काळ बदलला तरी तो स्वयंपाकघरातच राहिला.

माझी मुलगी पेटीत होती त्याच काळात, आमच्या घरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर, पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी सहा खेड्यांत गरोदर बायकांची मोजमापे घेत होते. हा अभ्यास १९९३ मध्ये सुरू झाला. बायका काय खातात, किती काम करतात, विहिरीवरून पाणी किती आणतात, हे सारे नोंदले जात होते आणि बाळ जन्मल्यावर बहात्तर तासांच्या आत त्याचे वजन, लांबी, डोक्याचा आणि पोटाचा घेर, दंडाची जाडी आणि चिमट्यासारख्या उपकरणाने कातडीखालच्या चरबीची जाडी मोजली जात होती. त्याची माहिती मला दहा-बारा वर्षांनी एका व्याख्यानात मिळाली, आणि त्या सभागृहात मी एकटीच रडत बसले होते असे आमची मैत्रीण अजून सांगते.

त्या खेड्यांतल्या आयांचे वजन सरासरी चव्वेचाळीस-पंचेचाळीस किलो आणि उंची पाच फुटांच्या आसपास होती. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी त्यांची तुलना केली तेव्हा तिकडची बाळे सरासरी साडेतीन किलोची होती. आपली बाळे लहान, यात नवल नव्हते. नवल होते ते लहानपणाच्या घडणीत. पोटाचा घेर, म्हणजे आतले यकृतादी अवयव, आणि दंड, म्हणजे स्नायू, यांत आपली बाळे फारच मागे होती. पण पाठीवरच्या कातडीखालच्या चरबीत मात्र ती जवळजवळ बरोबरीला होती. वरून हडकुळे, आतून चरबीदार. याज्ञिकांनी या बाळाला इंग्रजीत जे नाव दिले त्याचा मराठी अर्थ ‘किडकिडीत-लठ्ठ’ असा होईल. पुढे २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी एकच, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. विज्ञानाने स्वतःची अशी थट्टा क्वचितच केली असेल.

पण माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते त्याच अभ्यासातल्या आहाराच्या नोंदींतून. आई एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिने खाते याच्याशी बाळाच्या वजनाचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो ती पालेभाजी, फळे आणि दूध कितीदा खाते याच्याशी. जड कामाशीही दिसला: ज्या बायकांच्या वाट्याला शेत आणि पाणी यांचे कष्ट अधिक, त्यांची बाळे अधिक लहान. भाकरी प्रत्येकीला मिळते. घरात सर्वांत शेवटी जेवणारीच्या पानात नसते ते दूध, फळ आणि कालवणातली भाजी. म्हणजे ‘खाल्लं नाही का’ या प्रश्नाला ‘खाल्लं होतं’ हे उत्तर खरे होते आणि तरीही बाळ एक किलो नऊशेच भरणार होते. निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी सापडले. फोलिक आम्लाची कमतरता मात्र क्वचितच होती. मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली तेव्हा, ज्यांच्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट, म्हणजे फोलिक आम्लाच्याच जातीचे जीवनसत्त्व, जास्त होते त्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक दिसली. आपण गरोदर बाईच्या हातावर फोलिक आम्लाची गोळी ठेवतो आणि ते योग्यच आहे, कारण गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते आणि त्या गोळीने तिच्यातली व्यंगे मोठ्या प्रमाणात टळतात. पण तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचेही कळलेले नसते.

जन्माचे वजन पन्नास वर्षांनंतरच्या आजाराशी जोडणे ही कल्पना पुण्याची नाही. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्न्साइड नावाच्या अधिकारी बाईंच्या देखरेखीखाली परिचारिका प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन वह्यांत लिहून ठेवत होत्या. संशोधक डेव्हिड बार्कर यांना त्या वह्या सापडल्या. त्यांनी त्या बाळांचा म्हातारपणापर्यंत माग काढला आणि १९८९ मध्ये दाखवून दिले की जन्मतः व पहिल्या वर्षी लहान असलेले पुरुष पुढे हृदयविकाराने अधिक प्रमाणात दगावले. त्या वह्या सांभाळणाऱ्या अनाम कारकुनांबद्दल मला, जुन्या खतावण्या हाताळलेल्या बाईला, विशेष जिव्हाळा वाटतो.

आमच्या घरात अशी वही नव्हती. २०२३ मध्ये मुलीला दिवस गेले तेव्हा तिच्या फाइलचे पहिले पान मी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उलटे वाचले: वय, उंची, वजन, रक्तदाब, रक्तगट, आधीची बाळंतपणे, घरात मधुमेह आहे का. त्या शेवटच्या रकान्यापुढे ‘आई’ असे लिहिले गेले, कारण मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षापासून मधुमेह आहे. चोविसाव्या आठवड्यात तिला पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला दिले आणि दोन तासांनी रक्त घेतले. आकडा १५८ आला. १४० किंवा त्याहून अधिक म्हणजे गरोदरपणाचा मधुमेह. फाइलवर लाल शाईत ‘जोखमीची’ असा शिक्का बसला. मुलगी बारीक अंगाची, रोज चालणारी, साखर न घालता चहा पिणारी. तिच्या चेहऱ्यावर मला एकोणतीस वर्षांपूर्वीची मी दिसले. ती म्हणाली, ‘‘आई, मी असं काय खाल्लं गं?’’

मी डॉक्टरीणबाईंना सांगितले की हिचे जन्मवजन एक किलो नऊशे होते. त्यांनी मान वर केली, क्षणभर विचार केला आणि फाइलच्या समासात ते पेनने लिहिले. त्यासाठी रकाना नव्हता. जन्मतः लहान असलेल्या मुलींना पुढे गरोदरपणी मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. कारणही समजण्यासारखे आहे. गर्भाला तुटपुंजे मिळाले की तो मेंदू आधी सांभाळतो आणि स्वादुपिंड, स्नायू, मूत्रपिंड यांच्या वाढीत काटकसर करतो. पुढे गरोदरपणी वारेतून येणारी संप्रेरके इन्सुलिनचे काम अवघड करू लागली की त्या काटकसरीतले स्वादुपिंड कमी पडते. म्हणजे २०२३ मधल्या त्या शिक्क्यातली निम्मी शाई १९९३ मधली होती.

आणि १९९३ मधली शाई कुठली? हे मी सुट्टीत गावी गेले असताना आईला विचारले. आई तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होती, ओसरीवर मेथी निवडत बसली होती. माझे वजन जन्मतः किती होते असे विचारल्यावर ती हसली. ‘‘वजन कोण करतंय? धान्य मोजायचं शेरानं नि पायलीनं, पोर नाही मोजायची, दृष्ट लागती. ओंजळीत मावायचीस तू, एवढंच आठवतं.’’ मग मेथीची काडी मोडता मोडता, जणू गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगावी तशी म्हणाली, ‘‘तुझ्याआधीचा तर त्याहून बारीक होता. आठव्यातला. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही म्हणतात.’’ सत्तावन्न वर्षे मी स्वतःला थोरली समजत होते. आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा अधिक पक्व असते आणि त्याची जगण्याची शक्यता अधिक असते, हे मला माहीत होते. मी ते तिला सांगितले नाही. ती म्हण तिच्या उपयोगाची होती. मी विचारले, तेव्हा तुला कोणी काही बोलले का? ‘‘बोलायला काय, सगळीच बोलली,’’ असे म्हणून तिने निवडलेली मेथी सुपात लोटली.

मग उपाय काय, असे मला तरुण मुली विचारतात आणि मी मुंबईतल्या ‘सरस’ या प्रयोगाची हकीगत सांगते, कारण त्यात आशा आहे आणि फसवणूक नाही. झोपडपट्ट्यांमधल्या साडेसहा हजारांहून अधिक बायकांना दिवस जाण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते. उरलेल्या निम्म्यांच्या खाऊत बटाटा, कांदा अशा कमी पोषक भाज्या. २०१४ मध्ये निष्कर्ष आला: सरसकट पाहिले तर बाळाच्या वजनात म्हणावा असा फरक नाही. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी निदान तीन महिने खाऊ खाल्ला होता त्यांच्यात सरासरी ४८ ग्रॅमची वाढ, आणि ती वाढही ज्या बायका आधीच अंगाने बऱ्या होत्या त्यांच्यात जास्त. अगदी काटकुळ्या बायकांच्या बाळांना तिचा लाभ जवळजवळ नाहीच. ४८ ग्रॅम म्हणजे एका लिंबाएवढे वजन. पण गरोदरपणाचा मधुमेह बटाटा-कांद्याचा खाऊ खाणाऱ्यांत बारा टक्के, तर पालेभाजी-दुधाचा खाऊ खाणाऱ्यांत सुमारे सात टक्केच दिसला. काट्यावर न दिसणारा फायदा रक्तात दिसला. आणि काटकुळ्या बाईच्या अंगातली वीस वर्षांची तूट एका सामोशाएवढ्या खाऊने भरून निघत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे दिसले. ती भरायची तर मुलगी दहा-बारा वर्षांची असताना तिच्या पानाकडे बघावे लागते. पुण्याच्या त्या सहा खेड्यांतही पुढे हेच केले गेले: १९९४ च्या सुमारास तोललेली बाळे वयात आल्यावर त्यांनाच, लग्न-गर्भधारणा होण्याआधीपासून, बी-१२ दिले गेले, आणि त्यांना मुले झाली तेव्हा नाळेच्या रक्तात ते जीवनसत्त्व वाढलेले आढळले.

महाराष्ट्रात बाळंतपणात आई दगावण्याचे प्रमाण बरेच खाली आले आहे. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे ३३, देशाची सरासरी तेव्हा ९७ होती. ही लहान गोष्ट नाही, माझ्या आईच्या पिढीने ती स्वप्नातही पाहिली नसती. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात याच राज्यातल्या ४५.७ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी निघाल्या. बाई मरत नाही, तेवढे आपण साधले. ती कशी जगत आली हे आपण तिच्या चौथ्या महिन्यात विचारू लागतो.

मुलीने आहार सांभाळला, जेवणांची विभागणी केली, शेवटच्या दोन महिन्यांत इन्सुलिनही घेतले. त्या दिवसांत मला एक गोष्ट नीट समजली. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. म्हणून बाळाचे स्वादुपिंड आपले इन्सुलिन भराभर तयार करते, आणि नाळ कापल्यावर साखरेचा ओघ एकाएकी थांबतो तरी ते इन्सुलिन रक्तात फिरतच राहते. त्यामुळे अशा बाळाची साखर जन्मल्यावर पहिल्या काही तासांत धोकादायक खाली जाऊ शकते. नातीच्या टाचेला दर काही तासांनी टोचून एक थेंब रक्त घेतले जात होते आणि मी त्या टाचेकडे बघत तळपायाला मारलेल्या टिचक्या आठवत होते. नात दोन किलो आठशे पन्नास. यावेळी सिस्टरने वजन हळू आवाजात सांगितले आणि आधी मुलीला विचारले, ‘‘तुम्हाला बरं वाटतंय ना?’’

त्यानंतर घरात बारशाची गडबड सुरू झाली. सगळ्यांचे लक्ष पाळण्याकडे लागले आणि मुलीची फाइल कपाटावर गेली. प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते, कारण गरोदरपणी मधुमेह झालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो. पण फार थोड्या जणी त्यासाठी परत जातात. आठव्या आठवड्यात मी नातीला दुपट्यात गुंडाळून आणि मुलीला पुढे घालून प्रयोगशाळेत गेले. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी वाचली आणि सहज म्हणाला, ‘‘आता कशाला, ताई? डिलिव्हरी झाली ना?’’

तिने ते गोडमिट्ट पाणी पाच मिनिटांत संपवले. पुढचे दोन तास आम्ही तिघी बाकावर बसून होतो. मधे एकदा तिने पदराआड बाळाला घेतले आणि ते जोरात, हावरटासारखे ओढताना कानशिलावरची शीर हलली. आकडा १३२ आला. मुलीने मोबाइल काढला आणि पुढच्या वर्षीच्या त्याच तारखेची आठवण लावून ठेवली.